देवमाणसाच्या मुलीने काय बोलायचं?

पत्र :

"नमस्कार. माझे वडील डॉक्टर आहेत, जनरल प्रॅक्टिशनर. वय 76. 47 वर्षं एकच दवाखाना चालवला आणि आता तो बंद करताहेत. त्यानिमित्त आमच्या समाजाने त्यांचा सत्कार ठेवलाय. पत्रिकेवर मोठ्या अक्षरांत ओळ आहे : 'कुटुंब, श्रद्धा आणि समाज यांना वाहिलेलं आयुष्य'. मुलगी म्हणून मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय, आणि त्या ओळीतला पहिलाच शब्द माझ्या घशात अडकलाय.

बाबा वाईट नाहीत. घरात कधी आवाज चढवला नाही, पैसे नाहीत म्हणून कुणाला दारातून परत पाठवलं नाही. पण आमच्या वाट्याला ते आले नाहीत. मला ताप आला की स्वतः न तपासता त्यांच्या मित्राच्या दवाखान्यात पाठवायचे. लोकांच्या पोरांना मात्र रात्री दोनला उठून बघायला जायचे. जेवायला बसले की गप्प. काय झालं विचारलं तर 'काही नाही'. पहाटेची अर्धा तास प्रार्थना कधी चुकली नाही. सुट्टीच्या दिवशी सामुदायिक प्रार्थना आटोपली की तिथेच टेबल टाकून मोफत तपासणी. म्हणजे देवाला वेळ होता, समाजाला वेळ होता. आईचं ऑपरेशन झालं त्या सकाळी ते एका पेशंटकडे होते, आले ते संध्याकाळी. आईने मात्र जन्मभर त्यांचे फोन घेतले. फोनशेजारी एक वही, तिला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. 'बाळ, दोन दिवस जुलाब, सकाळपासून लघवी नाही' असल्या नोंदी. माझ्या वाढदिवसालाही ती वही उघडीच.

माझा मुलगा मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजोबा म्हणजे त्याचं दैवत. तो पहिल्या रांगेत बसणार. मी खोटं बोलू, की खरं बोलून बाबांचा दिवस नासवू? का बरं नाही असं सांगून टाळूच?

— वक्त्यांच्या यादीत नाव असलेली मुलगी"

उत्तर :

टाळू नका. तुम्ही उभ्या राहिला नाहीत तर कुणीतरी हौसेने 'घरच्यांच्या वतीने दोन शब्द' बोलेल, आणि ते ऐकत खुर्चीत बसून राहणं तुम्हाला जास्त जड जाईल.

खोटंही बोलू नका. मात्र खरं काय आहे ते आधी आपण दोघी नीट तपासू. तुमच्या पत्रातल्या तक्रारींचं वजन सारखं नाही. काही खऱ्या आहेत, काही अर्ध्या, आणि एक तर तक्रार नाहीच.

तीच आधी घेते, तापाची. बाबांनी तुम्हाला मित्राकडे पाठवलं ते बरोबर केलं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची पहिली आचारसंहिता 1847 सालची. तिच्यातही लिहून ठेवलंय की पत्नी, मूल किंवा रक्ताचं माणूस आजारी पडलं की डॉक्टरची बुद्धी काळजीने झाकोळते आणि हात कचरतो. अशा वेळी त्याने दुसऱ्या डॉक्टरवर सोपवावं. आजही बहुतेक ठिकाणी हाच दंडक आहे : आणीबाणी किंवा किरकोळ दुखणं सोडून घरच्यांवर उपचार करू नयेत. त्याला कारण आहे. स्वतःच्या मुलीच्या साध्या तापात डॉक्टर बापाला एक तर मेंदुज्वर दिसू लागतो, नाही तर 'काही होत नाही' म्हणून पोटाला हात लावायचंही राहून जातं. दहा-बारा वर्षांच्या मुलीला विचारायला हवेत असे प्रश्न बाप विचारत नाही, आणि विचारले तर मुलगी खरी उत्तरं देत नाही. घरच्या पेशंटचा केसपेपर कुणी लिहीत नाही, त्यामुळे मागच्या वेळी कुठलं औषध दिलं होतं, कशाची ॲलर्जी आली होती याची नोंद कुठेच राहत नाही. लोकांच्या मुलांना त्यांनी तपासलं ते त्या मुलांकडे शांत डोक्याने बघू शकत होते म्हणून. तुमच्याकडे तसं बघणं त्यांना जमणार नव्हतं. हे तुम्हाला तेव्हा कुणी समजावून सांगितलं नाही, एवढीच त्यातली चूक. आठ वर्षांच्या पोरीला मित्राच्या दवाखान्याच्या बाकावर बसवून निघून जाण्याऐवजी बाप म्हणून शेजारी बसता आलं असतं. बसले होते का? आठवून बघा. आठवत नसेल तर आईला विचारा.

जेवणाच्या ताटावरचं मौन. हे अर्धं समजून घेण्यासारखं आहे आणि अर्धं नाही.

उपचार करताना जे दिसेल, कानावर पडेल, त्यातलं बाहेर बोलण्यासारखं नसेल ते मी गुपित ठेवीन, असं वचन हिपोक्रेटस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डॉक्टरांच्या शपथेत आहे. दोन हजार वर्षांहून जुनं. मोठ्या शहरातल्या स्पेशालिस्टला ते पाळणं त्या मानाने सोपं जातं, कारण त्याचे पेशंट त्याच्या घरच्यांना माहीत नसतात. तुमच्या बाबांचे पेशंट म्हणजे तुमच्या वर्गशिक्षिका, तुमच्या मैत्रिणीची आई, प्रार्थनेला पुढच्या ओळीत बसणारे काका. 'आज एका बाईंना गाठ निघाली' एवढं जरी ते ताटावर बोलले असते, तरी तुम्ही दुसऱ्या दिवशी शाळेत कुणाकडे तरी निराळ्या नजरेने बघितलं असतं. म्हणून 'काही नाही'.

पण गुपित पेशंटचं होतं. थकवा त्यांचा स्वतःचा होता, आणि तो सांगायला कुठल्याच शपथेने मनाई केलेली नाही. 'आज मन लागत नाहीये, तू शाळेतलं काहीतरी सांग' एवढं म्हणायला कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. त्यांच्या पिढीतल्या कित्येक डॉक्टरांनी, खरं तर कित्येक पुरुषांनी, या दोन गोष्टी एकाच कुलपात ठेवल्या. त्याची किंमत तुम्ही मोजली. ही तक्रार ठेवा, तुमचीच आहे.

आता प्रार्थना. इथे तुमच्याशी थोडं भांडते. पहाटेचा तो अर्धा तास देवाने तुमच्याकडून पळवला असं तुम्हाला वाटतं. तुम्ही तेव्हा झोपलेल्या असायचात, तेव्हा हिशेबाने तो तुमचा नव्हताच! पण चेष्टा बाजूला ठेवू. 47 वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये डॉक्टर किती मरणं बघतो, आणि त्यातल्या किती मरणांपाशी 'आपण एक दिवस आधी पाठवलं असतं तर' हा प्रश्न घेऊन उभा राहतो, याचा अंदाज करा. घरी बोलायचं नाही, पेशंटच्या नातेवाइकांसमोर ढासळायचं नाही, दुसऱ्या डॉक्टरकडे मन मोकळं करण्याची रीत त्या काळी नव्हती. माणूस ते ओझं कुठे तरी उतरवणारच. कुणी ग्लासात उतरवतं, कुणी बायकोपोरांवर. तुम्हीच लिहिलंय की बाबांनी कधी आवाज चढवला नाही. त्यात त्या पहाटेच्या अर्ध्या तासाचा वाटा काहीच नसेल असं मला वाटत नाही.

श्रद्धेचा त्रास झाला तो दुसरीकडे, आणि तुमच्या पत्रातही तो ओळींच्या मधेच आहे. नवरा दारू पिऊन उशिरा आला तर बायको भांडू शकते. नवरा गरिबाच्या पोराला सलाइन लावून, देवाचं काम करून उशिरा आला तर ती काय म्हणणार? सगळा समाज ज्याला देवमाणूस म्हणतो त्याच्याविरुद्ध तक्रार घेऊन जायला जागाच उरत नाही. तक्रार करणाराच क्षुद्र ठरतो. तुम्हाला आज बोलायला अवघड जातंय ते यामुळेच. वाढदिवसाला बाबा नव्हते याचं दुःख मोजायला बसलात की दुसऱ्या पारड्यात लगेच कुणाचा तरी जीव येऊन बसतो. असं वजन लहान मुलीने करू नये, पण देवमाणसांच्या घरात ते रोज होतं.

हे दुखणं जुनं आहे. मोझेस मायमोनिडीझ हा बाराव्या शतकातला वैद्य, तत्त्वज्ञ आणि ज्यू धर्मशास्त्राचा मोठा पंडित. स्पेनमधल्या कोर्दोबात जन्मला, इजिप्तमध्ये फुस्तातला स्थायिक झाला. धाकटा भाऊ डेव्हिड व्यापार करून घर चालवायचा. तो हिंदी महासागरात बुडाला आणि त्या धक्क्याने मायमोनिडीझने वर्षभर अंथरूण धरलं. पुढे पोटासाठी वैद्यकी सुरू केली. त्याच्या ग्रंथाचं भाषांतर करणारा सॅम्युएल इब्न तिब्बोन त्याला भेटायला येऊ म्हणत होता. 1199 साली त्याला मायमोनिडीझने जे उत्तर धाडलं ते आजच्या कुठल्याही डॉक्टरला ओळखीचं वाटेल. रोज सकाळी कैरोला जाऊन सुलतानाची आणि राजवाड्याची आजारपणं बघायची. दुपार उलटून भुकेने व्याकूळ होऊन परत यायचं, तर बाहेरची खोली माणसांनी भरलेली. थोर, सामान्य, ज्यू, परधर्मी, सगळे. खाली उतरून हात धुवायचे, लोकांची माफी मागून दोन घास खायचे. दिवसभरात तेवढंच जेवण. मग रात्रीपर्यंत रुग्ण. शेवटी थकून आडवं पडून औषध सांगायचं, आणि रात्र झाली की तोंडातून शब्द फुटत नाही. उरला शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस. तर त्या दिवशी प्रार्थनेनंतर समाजाची माणसं हजर, आठवडाभर काय करायचं ते विचारायला. म्हणून बाबा रे, येऊ नकोस, आलास तरी माझ्याशी तासभरही बोलायला मिळणार नाही.

हे वर्णन सेवेचा आदर्श म्हणून वारंवार सांगितलं जातं. मला त्यात दुसरंच दिसतं. दिनक्रमात राजवाडा आहे, रुग्ण आहेत, समाज आहे, अभ्यासही आहे. घर नाही. त्या वेळी त्याचा मुलगा अब्राहम तेरा वर्षांचा होता. मायमोनिडीझचं मुलावर प्रेम नव्हतं असं मुळीच नाही. एका शिष्याला लिहिलेल्या पत्रात त्याने अब्राहमचं तोंड भरून कौतुक केलंय. पण दिवसाचा हिशेब लिहायला बसला तेव्हा त्यात तो आला नाही. याच मुलाने पुढे वडिलांसारखीच वैद्यकी केली आणि समाजाचं नेतृत्वही.

डॉक्टर अल्बर्ट श्वाइट्झरची गोष्ट तर आपल्या आजी-आजोबांच्या काळातली. 1913 साली पत्नी हेलेनसह तो आफ्रिकेत लाम्बारेनेला गेला आणि हॉस्पिटल उभारलं. हेलेनने खास त्यासाठी नर्सिंगचं शिक्षण घेतलं होतं. 1919 मध्ये मुलगी झाली, रेना. हेलेनची तब्येत क्षयाने ढासळलेली. 1924 मध्ये श्वाइट्झर परत आफ्रिकेला गेला तेव्हा मायलेकी युरोपातच राहिल्या. रेना पाच वर्षांची होती. तीन वर्षांनी तो परतला. 1952 सालचं शांततेचं नोबेल त्याला मिळालं, जगाने डोक्यावर घेतलं. आणि रेना? मोठेपणी तीही लाम्बारेनेला गेली, प्रयोगशाळेत काम केलं, आणि 1965 मध्ये वडील वारल्यावर काही वर्षं ते हॉस्पिटल तिनेच सांभाळलं. वडिलांना भेटायला मुलीला त्यांच्या कामात शिरावं लागलं असं मी म्हटलं तर ते माझं मत झालं. पण तुमच्या मुलाने मेडिकल का निवडलं हे तुम्ही त्याला एकदा विचाराच.

आता समाजाची बाजू. ती मांडली नाही तर बाबांवर अन्याय होईल. सत्कारातली कृतज्ञता नुसती भावुकता नाही. वर्षानुवर्षं एकच ओळखीचा डॉक्टर असण्याचा काही उपयोग होतो का, यावर संशोधन झालंय. ब्रिटनमधल्या काही डॉक्टरांनी 2018 साली नऊ देशांतले 22 अभ्यास एकत्र तपासले; त्यातल्या 18 अभ्यासांत, ज्यांचा डॉक्टर टिकून होता त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. नॉर्वेत लाखो लोकांच्या नोंदी बघितल्या तेव्हा 15 वर्षांहून जास्त काळ एकच फॅमिली डॉक्टर असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण, डॉक्टर ओळखीचा होऊन वर्षच झालेल्यांच्या तुलनेत, सुमारे 25 टक्क्यांनी कमी होतं. असे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत, संबंध दाखवतात. पण कारणाचा अंदाज तुम्हाला घरबसल्या येईल. जो डॉक्टर एखाद्या बाईला वीस वर्षं ओळखतो, त्याला ती 'जरा दमल्यासारखं होतंय' म्हणाली की कळतं, ही उगाच बोलणारी नाही. आज हिचा ईसीजी काढायलाच हवा. नव्या डॉक्टरकडे ही माहिती नसते. तुमच्या बाबांनी 47 वर्षं ही माहिती डोक्यात साठवली. दवाखाना बंद होताना लोकांना रडू येतंय ते त्यासाठी, आणि ते रडणं रास्त आहे.

मात्र हेही लक्षात घ्या की हा फायदा ओळखीचा डॉक्टर असण्याचा आहे, चोवीस तास हजर असण्याचा नाही. आळीपाळीने रात्रपाळी वाटून घेणारे दोन-तीन डॉक्टर असते, तरी दिवसा बाबा त्या लोकांचे डॉक्टर राहिलेच असते. तशी व्यवस्था उभी करायला सोबती हवेत, पेशंटनाही 'आम्हाला तुम्हीच हवे' हा हट्ट सोडायला हवा. समाजाने तो सोडला नाही. सत्काराच्या व्यासपीठावर हे कुणी बोलणार नाही, पण तुमच्या वाढदिवसांचा थोडा हिशेब समोर बसलेल्या मंडळींकडेही निघतो.

आईच्या ऑपरेशनच्या सकाळचं मला काही समर्थन सापडत नाही, शोधायचीही इच्छा नाही. तो पेशंट कोण होता, खरंच जीव जात होता का, हे तुमच्या पत्रात नाही. कदाचित तुम्हालाही माहीत नसेल. एक शंका मात्र आहे. ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या इतर नवऱ्यांना फक्त भीती वाटते. डॉक्टर असलेल्या नवऱ्याला काय काय बिघडू शकतं त्याची यादी पाठ असते. काही डॉक्टर त्या खुर्चीवर बसूच शकत नाहीत, कामात पळून जातात. तुमचे बाबा पळाले असतील का? मला ठाऊक नाही. समारंभाआधी, व्यासपीठापासून लांब, तुम्ही त्यांना विचारा. आरोप म्हणून नको. 'बाबा, आईच्या ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही कुठे होतात? मला कधी कळलंच नाही' एवढंच. उत्तर द्यायला ते दोन दिवस घेतील, घेऊ द्या. कदाचित उत्तर येणारच नाही. पण हा प्रश्न पोटात ठेवून माइकपुढे गेलात तर तो तुमच्या आवाजात येईल आणि समोरच्यांना नुसता कडवटपणा ऐकू येईल.

आणि आता ती वही. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच वाटली, आणि तुम्ही ती रागाच्या ओघात लिहून गेलात.

'बाळ, दोन दिवस जुलाब, सकाळपासून लघवी नाही.' ही नोंद नीट वाचा. फोन करणाऱ्या घाबरलेल्या आईने असं सलग सांगितलं असेल का? ती म्हणाली असेल, पोराला बरं नाही, डॉक्टरांना पाठवा. किती दिवस, हे तुमच्या आईने विचारलं. लघवी कधी झाली, हेही तिनेच विचारलं. जुलाब झालेल्या तान्ह्या मुलाच्या अंगातलं पाणी किती कमी झालंय याची घरच्या घरी कळणारी जी मोजकी लक्षणं आहेत, त्यातलं हे एक महत्त्वाचं. सकाळपासून लघवी नाही म्हणजे या बाळाला उद्यावर ढकलायचं नाही. आधी कोणाकडे जायचं, कोण तासभर थांबू शकतं, ही निवड आज मोठ्या हॉस्पिटलांत शिकवून तयार केलेल्या नर्स करतात. तुमच्या घरात ती एक बाई करत होती. पगार नाही, पदवी नाही, बहुधा एका हातात तुमची वेणी धरलेली. बाबांनी रात्री दोनला योग्य दार ठोठावलं ते पुष्कळदा या वहीमुळे.

पत्रिकेवर एकच नाव आहे. तुमचं भाषण इथून सुरू होऊ शकतं.

मी एक मसुदा देते, तुमच्या शब्दांत फिरवून घ्या. 'तुम्हा सगळ्यांकडे बाबांच्या आठवणी आहेत. खरं सांगायचं तर माझ्याकडे त्या तुमच्यापेक्षा कमी आहेत, कारण तुमच्याकडे ते जास्त वेळ असायचे.' इथे सभागृह हसेल. हसू द्या, त्यांना कळलेलं असतं. 'लहानपणी मला याचा राग यायचा. थोडा अजूनही येतो. पण आज मला तुम्हाला एक वही दाखवायची आहे.' वही मिळाली तर खरोखरच हातात घेऊन जा. तीन नोंदी वाचा, नावं गाळून. गुपिताचा नियम तुम्हालाही लागू आहे आणि तुमच्या आईला तो बाबांइतकाच ठाऊक असेल. मग आईला जागेवर उभं राहायला सांगा. ती नाही म्हणेल. आग्रह करा, पण ओढून व्यासपीठावर नेऊ नका.

त्यानंतर बाबांबद्दल बोला, जे तुम्ही मनापासून म्हणू शकता तेवढंच. पत्रातलीच दोन वाक्यं पुरेशी आहेत : आवाज चढवला नाही, पैशांपायी कुणाला परत पाठवलं नाही. या दोन्ही गोष्टी थकलेल्या माणसाला फार कठीण असतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल बोलायचं झालं तर तिचे गोडवे गाऊ नका, तो अर्धा तास सांगा. 'कुटुंबाला वाहिलेलं आयुष्य' हे शब्द तुम्ही उच्चारायची काही गरज नाही. ते छापणाऱ्यांचे आहेत. ऑपरेशनची सकाळ व्यासपीठावर आणू नका. ती खरी आहे, तरीही नाही. त्या गोष्टीवर पहिला हक्क तुमच्या आईचा आहे, आणि तिला ती चारशे लोकांत ऐकायची आहे का हे तुम्ही तिला विचारलेलं नाही.

पाच मिनिटं दिली असतील तर साडेतीनमध्ये संपवा. भाषण लिहून न्या. अशा वेळी ऐन वाक्यात घसा दाटतो आणि पुढचं आठवत नाही.

राहिला तुमचा मुलगा. खरं तर हे उत्तर मी त्याच्यासाठी जास्त लिहितेय. त्याने आजोबांना दैवत मानावं, हरकत नाही. पण दैवताच्या घरात लाइट कोण लावत होतं हे त्याला माहीत हवं. त्याला एक गोष्ट दाखवा. डॉक्टरांची जागतिक संघटना, वर्ल्ड मेडिकल असोसिएशन, हिची जिनिव्हा प्रतिज्ञा 1948 पासून आहे. जगभर कितीतरी ठिकाणी डॉक्टर होताना ती किंवा तिच्यासारखी शपथ घेतात. जवळजवळ सत्तर वर्षं तिच्यात डॉक्टरने स्वतःकडे बघावं असं एक अक्षर नव्हतं. 2017 मध्ये ते वाक्य आलं : उत्तम दर्जाची सेवा देता यावी म्हणून मी माझं स्वतःचं आरोग्य, स्वास्थ्य आणि क्षमता यांची काळजी घेईन. आजोबा शिकले तेव्हा असं म्हणणारा विद्यार्थी स्वार्थी ठरला असता. घराचा उल्लेख मात्र त्या प्रतिज्ञेत आजही नाही. ती ओळ त्याला स्वतःच लिहावी लागेल, आणि लग्न झाल्यावर सुचली तर जरा उशीर झालेला असेल.

भाषण त्याला आधी वाचून दाखवा. तो रागावेल, आजोबांबद्दल असं का बोलतेस म्हणेल. रागावू द्या, समारंभाच्या दिवशी पहिल्या रांगेत धक्का बसण्यापेक्षा हे बरं. बाबांना मात्र आधी दाखवू नका. ते एक शब्द न बोलता स्वतःबद्दलची चांगली वाक्यं खोडून ठेवतील. आणि वही कुठे आहे हे आईला आजच विचारा. दवाखाना आवरताना असली वही रद्दीत जायला वेळ लागत नाही.